बेटावर जाताना काय न्याल?



अकरावीच्या वर्गात नव्याने आलेल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात, पुस्तक उघडण्यापूर्वी, एक प्रश्न घालतो. उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे एक बेट आहे. त्यावर झाड नाही, दुकान नाही, आणि वर्षातला बहुतेक काळ भोवतालचा समुद्र गोठलेला असतो. तेथे तुम्हांला दोन वर्षे काढायची आहेत. बरोबर कोणत्या पाच वस्तू न्याल? उत्तरे बहुतेक ठरलेली असतात. बंदूक, स्टोव्ह, काड्यापेट्या, औषधांची पेटी, रेडिओ. अलीकडे मोबाइल असतोच, आणि तो चालू राहावा म्हणून सौर पट्टी. एका मुलाने ‘झेंडा’ असे लिहिले होते. सुई मात्र आजवर एकानेही लिहिलेली नाही. मुलींनीही नाही. खरे सांगायचे तर, पुढे देणार आहे ती हकीकत वाचनात आली नसती तर मीही लिहिली नसती. मला सुईत दोरा ओवायला अजूनही दोन मिनिटे लागतात.

हे बेट कल्पनेतले नव्हे. तुमच्या शाळेच्या नकाशासंग्रहात सायबेरियाचे ईशान्य टोक शोधा आणि तेथून बोट उत्तरेकडे न्या. किनाऱ्यापासून सुमारे १४० किलोमीटरवर, ७१ अक्षांशाच्या आसपास, एक ठिपका दिसेल. ते रँगल बेट. ठिपका म्हटले तरी त्याचे क्षेत्रफळ ७,६०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे गोव्याच्या दुपटीहून थोडे अधिकच. १८० रेखावृत्त या बेटावरून जाते. त्यामुळे बेटाचा एक भाग पूर्व गोलार्धात, तर दुसरा पश्चिम गोलार्धात. पण म्हणून एका टेकडीवर सोमवार आणि पलीकडच्या टेकडीवर रविवार असा घोटाळा होत नाही, कारण आंतरराष्ट्रीय वाररेषा येथे मुद्दाम वळवून बेटाच्या पूर्वेकडून नेली आहे.

सौर पट्टी लिहिणाऱ्याला मी फळ्यापाशी बोलावतो. २२ डिसेंबरला सूर्य मकरवृत्तावर, म्हणजे २३.५ अंश दक्षिणेला असतो. त्या दिवशी मध्यान्ही तो मुंबईत क्षितिजापासून किती वर दिसेल? ९० मधून मुंबईचे १९ अक्षांश वजा करा, मग २३.५ वजा करा. उत्तर ४७.५ अंश. आता १९ च्या जागी ७१ घाला. उत्तर येते उणे ४.५. भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या खाली! नोव्हेंबरच्या शेवटापासून जवळजवळ दोन महिने तो उगवतच नाही. सौर पट्टी अर्थातच बाद. पण उणे ४.५ म्हणजे मिट्ट काळोख असेही समजू नका. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांपर्यंत असला तर चांगला संधिप्रकाश असतो. म्हणजे ऐन हिवाळ्यातही दुपारी तेथे काही वेळ आपल्याकडच्या पहाटेसारखे झुंजुमुंजू होते. ‘ध्रुवीय प्रदेशात सहा महिने दिवस व सहा महिने रात्र असते’ हे वाक्य तुम्ही पाठ केले असेल. ते फक्त ध्रुवबिंदूपाशी खरे आहे. अट गाळून पाठ केलेले वाक्य आपल्याला परीक्षेत गुण देते. अशीच एक अट गाळल्यामुळे या बेटावर काय घडले, ते सांगण्यासाठी आज लिहीत आहे.

या बेटाला लोकांनी दोन विशेषणे लावली. काहींनी त्याला ‘ओसाड’ म्हटले. एका मोठ्या प्रवाशाने साऱ्या उत्तर ध्रुव प्रदेशालाच ‘मित्र’ म्हटले. माझ्या मते दोन्ही शब्द चुकीचे आहेत, आणि दुसऱ्याने चार तरुणांचा बळी घेतला.

आधी ‘ओसाड’ हा शब्द तपासू. बेटावर फेब्रुवारीचे सरासरी तापमान उणे २४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर जुलैचे दोन-तीन अंश. आपल्या घरातल्या शीतकपाटाचा आतला भागही याहून उबदार असतो. तरीही या बेटावर वनस्पतींचे ४००हून अधिक प्रकार नोंदलेले आहेत. उत्तर ध्रुव प्रदेशातल्या एवढ्याच आकाराच्या इतर कोणत्याही भूभागापेक्षा हे कितीतरी जास्त आहे. याचे कारण असे की, शेवटच्या हिमयुगात हे बेट हिमनद्यांच्या थराखाली गाडले गेले नव्हते. किनाऱ्यावर काही वर्षी एक लाखापर्यंत वॉलरस जमतात. ‘स्नो गूज’ या पांढऱ्या कलहंसांची आशियातली एकमेव मोठी वीण येथेच होते. हे पक्षी हिवाळ्यात कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पार कॅलिफोर्नियापर्यंत जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. त्यांची एक गंमत आहे. काही जोड्या हिमघुबडाच्या घरट्याभोवती आपली घरटी करतात. घुबड स्वतःच्या पिलांसाठी कोल्ह्यांना हुसकावून लावते, आणि शेजाऱ्यांच्या अंड्यांना फुकटात पहारा मिळतो.

आणि अस्वले! जगात इतरत्र क्वचितच आढळेल इतक्या दाटीने पांढऱ्या अस्वलांच्या माद्या या बेटावर पिले घालण्यासाठी येतात. डोंगरउतारावर साचलेल्या बर्फात मादी गुहा खणते आणि हिवाळाभर काही न खाता आत राहते. पिले ऐन थंडीत जन्मतात आणि मार्च-एप्रिलमध्ये आईबरोबर बाहेर येतात. बर्फाच्या घरात ऊब कशी? तुमच्या आजीच्या गोधडीत असते तशीच. भुसभुशीत बर्फात जागोजाग हवा अडकलेली असते, आणि स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवले की मधली हवा अडकते. बर्फाची भिंतही तेच काम करते.

अस्वलाच्या केसांविषयी एक कबुली देऊन ठेवतो. हे केस पोकळ असतात, प्रकाशतंतूसारखे काम करतात आणि सूर्याचे अतिनील किरण काळ्या कातडीपर्यंत पोहोचवतात, असे मी कित्येक वर्षे वर्गात मोठ्या ऐटीत सांगत असे. पुढे एके ठिकाणी वाचले की, कोणी तरी प्रत्यक्ष केस घेऊन मोजमाप केले, तर प्रकाश केसातून थोडेसे अंतर जाताच जवळपास नाहीसा झाला! शिवाय, ज्या दोन महिन्यांत ऊब सर्वांत जास्त हवी त्या महिन्यांत सूर्यच उगवत नाही, हे मला फळ्यावर गणित करूनही सुचले नव्हते. केसांत अडकलेली हवा आणि कातडीखालची चरबी, एवढ्यावरच अस्वलाचे भागते. 

ओसाडपणाची आणखी एक कथा जमिनीखाली आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वाढली आणि हा भूभाग सायबेरियापासून तुटून बेट झाला. त्या वेळी त्यावर मॅमथ, म्हणजे केसाळ हत्ती, अडकले. मुख्य भूमीवरचे मॅमथ लवकरच नष्ट झाले. हे मात्र टिकले, ते आजपासून सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपर्यंत. म्हणजे आपल्याकडे हडप्पा आणि मोहेंजोदडो भरभराटीत होते, मिसरमध्ये मोठा पिरॅमिड बांधून झाला होता, आणि या बेटावर मॅमथ चरत होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार, हा सारा कळप फार तर आठ प्राण्यांपासून वाढला आणि दोनशे-तीनशेवर जाऊन कित्येक हजार वर्षे स्थिर राहिला. मग तो अचानक संपला. का, हे अजून उलगडलेले नाही.

अशा जागेला ओसाड म्हणणारे बहुधा ती लांबून पाहणारे असतात. जवळच्यांना तिची ओळख होती. सायबेरियाच्या किनाऱ्यावरचे चुकची लोक सांगत की, उन्हाळ्यात हवा स्वच्छ असली तर एका भूशिरावरून उत्तरेला डोंगर दिसतात. फर्डिनांड फॉन रँगल या रशियन नौदल अधिकाऱ्याने १८२० ते १८२४ या काळात कुत्र्यांच्या गाड्यांवरून गोठलेल्या समुद्रात जाऊन ती भूमी शोधण्याचा प्रयत्न केला. त्याला ती सापडली नाही. पण त्याने चुकचींचे म्हणणे खोटे ठरवले नाही, आपल्या नकाशावर तशी नोंद केली. पुढे १८६७ साली अमेरिकन तिमिंगल-शिकारी टॉमस लाँग याने बेट पाहिले आणि रँगलचेच नाव त्याला दिले. ज्याला बेट सापडले नाही त्याचे नाव बेटाला मिळाले, याचे मला मोठे समाधान वाटते.

चुकची म्हणत ते शक्य आहे काय, हे तुम्ही स्वतः ताडून पाहू शकता. डोळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, त्याला ३.५७ ने गुणा. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळते. बेटावरचे सर्वोच्च शिखर १,०९६ मीटर आहे, त्यावरून ११८ किलोमीटर. पाहणारा १०० मीटरच्या कड्यावर उभा असेल तर त्याचे ३६ किलोमीटर. बेरीज १५४. शिखर मात्र बेटाच्या आत असल्याने याहून थोडे लांब पडते. हिशेब थोडक्यात हुकतो. पण थंड समुद्राला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षा दाट असते. तिच्यातून जाणारे किरण पृथ्वीच्या वक्रतेबरोबर वाकतात आणि क्षितिजाखालची वस्तू वर उचलल्यासारखी दिसते. म्हणजे डोंगर नेहमी दिसणार नाहीत, काही दिवशीच दिसतील. चुकचीही तेच सांगत होते.

आता दुसरा शब्द. विल्हाल्मर स्टेफान्सन हा कॅनडात जन्मलेला प्रवासी उत्तर ध्रुव प्रदेशात कित्येक वर्षे राहिला होता. तो तेथल्या लोकांची भाषा शिकला, त्यांचे अन्न खाल्ले, त्यांचे कपडे वापरले. (जुन्या पुस्तकांत या लोकांना सरसकट एस्किमो म्हटलेले आढळते. ते नाव बाहेरच्यांनी दिलेले आहे. अलास्काच्या या भागातले लोक स्वतःला इन्युपियात म्हणवतात.) त्याचे म्हणणे असे की, उत्तर ध्रुव प्रदेश वैरी नव्हे, मित्र आहे. ज्याला शिकार येते तो तेथे खुशाल पोट भरू शकतो. १९२१ साली त्याने याच अर्थाच्या नावाचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला.

वास्तविक त्याला इशारा आधीच मिळाला होता. १९१३ साली त्याच्याच मोहिमेतले ‘कार्लुक’ जहाज बर्फात अडकले असता तो काही सोबत्यांसह शिकारीला म्हणून उतरला, आणि इकडे जहाज बर्फाबरोबर वाहत गेले. जानेवारी १९१४ मध्ये ते चिरडून बुडाले. जहाजावरच्या २५ माणसांपैकी ११ मेली. उरलेल्यांनी बर्फावरून चालत रँगल बेट गाठले. कप्तान बार्टलेट हा कटाक्टोविक नावाच्या इन्युपियात शिकाऱ्याला घेऊन गोठलेल्या समुद्रावरून सायबेरियात गेला आणि मदत घेऊन आला, म्हणून ते वाचले. बेटावर जगलेल्यांत एक इन्युपियात कुटुंब होते, आणि त्यात तीन वर्षांची एक मुलगी. बेटावर दोघांचे अंग सुजून मृत्यू झाला. त्यांच्या डबाबंद मांसात चरबीच्या मानाने प्रथिने फार होती, हे त्याचे कारण मानले जाते. चरबीशिवाय नुसत्या मांसावर माणूस फार दिवस जगू शकत नाही. इन्युपियात शिकारी सीलची चरबी टाकून देत नाही, ती आधी खातो.

तरीही सप्टेंबर १९२१ मध्ये स्टेफान्सनने चार तरुणांना याच बेटावर पाठवले. क्रॉफर्ड, नाइट, मॉरर आणि गॅले. चौघेही तिशीच्या आतले. गॅले तर अवघा एकोणीस वर्षांचा. मॉरर हा ‘कार्लुक’मधून वाचलेला होता, तो पुन्हा गेला. हेतू असा की, बेटावर वस्ती करून ते ब्रिटिश साम्राज्याच्या नावे लावावे. उतरल्याबरोबर त्यांनी झेंडा रोवला. स्टेफान्सन स्वतः गेला नाही. बरोबर शिधा होता सहा महिन्यांचा. बाकीचे बेट देईल! ‘मित्र’ या शब्दावर त्यांनी किती भार टाकला पाहा.

शिवणकामासाठी आणि स्वयंपाकासाठी इन्युपियात कुटुंबे बरोबर यायची होती. ऐन वेळी ती आली नाहीत. आली एकटी एडा ब्लॅकजॅक, तेवीस वर्षांची. तिची तीन मुलांपैकी दोन गेली होती, नवऱ्याने टाकले होते, आणि उरलेल्या मुलाला, बेनेटला, क्षय झाला होता. त्याच्या उपचारांना पैसे हवेत म्हणून त्याला अनाथालयात ठेवून ती महिना पन्नास डॉलरवर निघाली. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. एडा शहरात, मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली वाढली होती. तिला शिकार येत नव्हती, बंदूक चालवता येत नव्हती, अस्वलाची तर तिला विलक्षण भीती होती. तिला येत होते शिवणकाम.

हे शिवणकाम म्हणजे काय, ते पदार्थविज्ञानाच्या भाषेत सांगतो. उणे तीस अंशांत माणसाला मारते ती थंडी, वारा आणि ओल मिळून. पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या वीस पटींहून अधिक आहे. घामाने किंवा वितळलेल्या बर्फाने कपडा भिजला की त्यातली ऊब संपलीच. म्हणून इन्युपियात पोशाख दुहेरी असतो. आतल्या अंगरख्याची लव शरीराकडे, बाहेरच्याची लव बाहेर, मध्ये हवेचा थर. चालताना घाम येऊ लागला की गळ्यापाशी सैल करून हवा सोडायची. शिवण प्राण्याच्या स्नायूच्या तंतूने घालायची, कारण तो ओला झाला की फुगतो आणि सुईने पाडलेले भोक आपोआप बुजते. एक टाका चुकला तर पाणी बुटात जाते, पाय गोठतो, आणि पायाची बोटे कापावी लागतात. झेंडा, बंदूक, दुर्बीण यांवर लिहिलेल्या ग्रंथांना कपाटे पुरत नाहीत. या टाक्यावर कोणी प्रकरणही लिहीत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

पहिले वर्ष बरे गेले. शिकार मिळाली. १९२२ च्या उन्हाळ्यात शिधा घेऊन निघालेले जहाज बर्फातून वाट न मिळाल्याने परत फिरले. समुद्रावरचा बर्फ दर वर्षी सारखा नसतो. वारा एखाद्या वर्षी त्याला किनाऱ्याशी दाबून धरतो, एखाद्या वर्षी मोकळा सोडतो. दुसऱ्या हिवाळ्यात शिकार आटली. २८ जानेवारी १९२३ रोजी क्रॉफर्ड, मॉरर आणि गॅले मदत आणण्यासाठी गोठलेल्या समुद्रावरून सायबेरियाकडे निघाले. ते पुन्हा कोणालाही दिसले नाहीत. समुद्रावरचा बर्फ म्हणजे रस्ता नव्हे. तो सरकतो, फाटतो, एकमेकांवर चढून त्याचे ढिगारे होतात. दिवसभर दक्षिणेला चाललेला माणूस वाऱ्याने रात्री पुन्हा उत्तरेला नेलेला असू शकतो.

नाइटला स्कर्व्ही झाला होता, म्हणून तो मागे राहिला, आणि एडा त्याची शुश्रूषा करायला. स्कर्व्ही क जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, हे तुम्हांला माहीत आहे. ताज्या, फार न शिजवलेल्या मांसात थोडे क जीवनसत्त्व असते आणि ते पुरते. स्टेफान्सनला हे पक्के ठाऊक होते. पुढे १९२८ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर केवळ मांसाहार घेण्याचा प्रयोग केला, आणि त्याला स्कर्व्ही झाला नाही. म्हणजे त्याचे ज्ञान खोटे नव्हते! पण ‘ताजे मांस खाल्ले तर स्कर्व्ही होत नाही’ या वाक्यात एक ‘तर’ आहे. शिकार मिळाली तर. शिकारी धडधाकट असला तर. नाइट आजारी होता म्हणून शिकार करू शकत नव्हता, आणि शिकार नव्हती म्हणून बरा होत नव्हता.

तेव्हा शिवणकाम करणाऱ्या बाईने सापळे लावायला सुरुवात केली. कोल्हे धरले. बंदूक शिकली. पक्षी मारले, अंडी गोळा केली. नाइटचे सारे करून वर त्याची बोलणीही खाल्ली. २३ जूनच्या सुमारास तो वारला. त्याला पुरण्याइतके बळ तिच्यात नव्हते. जनावरांनी प्रेताला हात लावू नये म्हणून तिने भोवती पेट्या रचल्या आणि ती दुसऱ्या तंबूत राहायला गेली. बरोबर आणलेल्या टंकलेखन यंत्रावर तिने मृत्यूची नोंद केली. अस्वल लांबूनच दिसावे म्हणून उंच माचाण बांधले. वाहून आलेली लाकडे आणि कॅनव्हास यांची छोटी होडी केली. बेटावर झाड नाही हे आठवते ना? हे लाकूड दूरच्या नद्यांनी समुद्रात आणून सोडलेले असते. सोबतीला व्हिक नावाचे एक मांजर होते. जवळजवळ दोन महिने ती अशी एकटी राहिली. ऑगस्ट १९२३ मध्ये जहाज आले तेव्हा ती आणि मांजर, एवढेच जिवंत होते.

बेनेटला घेऊन ती सिॲटलला उपचारांसाठी गेली. वर्तमानपत्रांत मात्र, तिने नाइटची नीट काळजी घेतली नाही, असे आरोप छापून आले. नाइटच्या आईवडिलांनी तिची बाजू घेतली. स्टेफान्सनने या मोहिमेवरही पुस्तक लिहिले. एडा १९८३ साली, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, अलास्कात वारली. ती स्वतःला शूर म्हणवून घेत नसे.

स्टेफान्सन लबाड होता असे मला म्हणायचे नाही. त्याचा अनुभव खरा होता. चूक झाली ती अशी. स्प्रिंगला वजन टांगले की ती वजनाच्या प्रमाणात ताणली जाते, हा हूकचा नियम तुम्ही प्रयोगशाळेत पडताळता. दुप्पट वजनाला दुप्पट, तिप्पटीला तिप्पट. म्हणून कोणी पोतेभर वजन टांगले तर? स्प्रिंग सरळ होते आणि परत येत नाही. नियम खोटा ठरत नाही. तो ज्या मर्यादेत खरा होता ती मर्यादा ओलांडलेली असते. स्टेफान्सन उत्तर ध्रुव प्रदेशात पोट भरू शकला, ते वर्षानुवर्षांच्या सरावाने आणि तेथल्या जाणत्या सोबत्यांच्या जोरावर, जागा बदलण्याची मोकळीक असताना. त्याने ही अट गाळून वाक्य तेवढे ठेवले, आणि ते अननुभवी मुलांच्या हाती दिले. १९२६ साली गिऑर्गी उशाकोव्ह याने बेटावर टिकलेली पहिली वसाहत केली, ती पन्नास-साठ माणसांना नेऊन, आणि त्यांतली बहुतेक कुटुंबे समोरच्या किनाऱ्यावरच्या युपिक आणि चुकची शिकाऱ्यांची होती. ती वस्ती कित्येक दशके नांदली. सोव्हिएत संघ मोडल्यावर पुरवठा बंद पडला आणि १९९०च्या दशकात लोक तेथून हलवले गेले. जाणत्यांनाही बाहेरचा आधार लागत होता, हेही त्यातून दिसते. बेट १९७६ पासून राखीव आहे, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आता तेथे राखीव क्षेत्राचे कर्मचारी, हवामान केंद्र आणि २०१४ पासून एक लष्करी तळ, एवढीच माणसे.

अट गाळण्याची सवय आजही गेलेली नाही. या वेळी ती आपल्या बाजूच्या, म्हणजे निसर्गाची काळजी वाहणाऱ्या लोकांतही दिसते. ‘बर्फ वितळतो आहे, सगळीकडची पांढरी अस्वले उपाशी मरत आहेत’ असे विद्यार्थी निबंधात लिहितात. बर्फ वितळतो आहे हे निर्विवाद खरे. कॅनडाच्या हडसन उपसागराच्या पश्चिम भागातली अस्वले कमी झाली आहेत हेही खरे. रँगल बेटाभोवतालच्या चुकची समुद्रातली अस्वले पूर्वीपेक्षा वर्षातला सुमारे एक महिना अधिक जमिनीवर काढू लागली आहेत. तरीही मोजमापे झाली तेव्हा ती चांगली धष्टपुष्ट आढळली, कारण तेथला समुद्र अन्नाने समृद्ध आहे. २०१७ साली बेटाच्या किनाऱ्यावर लागलेल्या एका मृत देवमाशाभोवती दोनशेहून अधिक अस्वले एकत्र जमलेली प्रवाशांनी पाहिली. म्हणून चिंता नको काय? हवी. बर्फाविना महिना लांबला तर उपवास लांबतो, आणि चरबीची शिल्लक किती दिवस पुरेल याला मर्यादा आहेच. ती केव्हा ओलांडली जाईल हे अस्वलांची वजने घेऊन आणि त्यांचा माग ठेवून कळेल, घोषणेने कळणार नाही. आपल्या देशाचेही ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८ पासून उत्तर ध्रुव प्रदेशात, स्वालबार्डमध्ये आहे. तुमच्यापैकी कोणी तेथे गेलेच तर तेथल्या जुन्या माणसांना आधी विचारा की बर्फ कोणत्या महिन्यात दगा देतो. उपकरणे नंतर मांडली तरी चालतील.

गेल्या वर्षी ही हकीकत वर्गात सांगून संपवली, तेव्हा झेंडा लिहिणारा तो मुलगा उभा राहिला. ‘‘सर, त्यांनी रोवलेल्या झेंड्याचे पुढे काय झाले?’’ मी सांगितले, १९२३ साली एडाला नेणाऱ्यांनी बेटावर नवी माणसे ठेवली होती. पुढच्याच वर्षी रशियाची नौका आली, तिने त्या माणसांना तेथून हलवले आणि आपला झेंडा लावला. बेट रशियाचे झाले, ते आजपर्यंत. तो थोडा वेळ विचार करीत बसला. मग त्याने यादीतला झेंडा खोडला. मला वाटले, आता सुई लिहील. तास संपल्यावर वही पाहिली. त्याने मांजर लिहिले होते.